कृष्णनाथनं बसवलेल्या डिस्क

केरीची हवा लोकांना फार आवडते. बाहेरगावची माणसं येतात, किनाऱ्यावर उभी राहून छाती भरून श्वास घेतात आणि दोन दिवसांनी निघून जातात. इथं राहणाऱ्याला विचारा. ही हवा खिळे खाते, जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, बिजागऱ्या खाते, गॅसची शेगडी खाते. गाडी तर ती सावकाश, चवीनं खाते.

मी साखळीची. माझे बाबा खाणीवर ट्रक चालवायचे, त्यामुळे आमच्याकडे क्लच-ब्रेकच्या गोष्टी जेवणाच्या पानावर चालत. लग्न होऊन केरीला आले तेव्हा आमच्या पत्र्याच्या शेडमधली ती पांढरी गाडी बघून मला वाटलं होतं, बरं झालं, फिरायला मिळेल. कसलं काय. माझा नवरा रुद्रेश बोटीवर कामाला. वर्षातले बरेच महिने तो पाण्यावर आणि गाडी शेडमध्ये. किल्ली आबांच्या उशाखाली. आबा म्हणजे माझे सासरे, सगुण नाव त्यांचं. मी माझी स्कूटर घेऊन हिंडायची आणि आबा रोज सकाळी फडकं घेऊन त्या उभ्या गाडीची सेवा करायचे. मुलाच्या अंगावरून हात फिरवता येत नव्हता, म्हणून गाडीवरून फिरवत असतील. हे मला आता सुचतं. तेव्हा नुसता राग यायचा.

डिसेंबरात रुद्रेश घरी आला आणि गाडी बाहेर काढली, तर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं आणि अशी किंकाळी उठायची की वाड्यावरचे कुत्रे भुंकायला लागत. पालयेच्या रस्त्याला कृष्णनाथचं गॅरेज आहे. तो मूळचा आरोंद्याचा, नदीपलीकडच्या सिंधुदुर्गातला, पण इथं गॅरेज टाकून त्याला बरीच वर्षं झाली होती. त्यानं पुढची चाकं उतरवली आणि रुद्रेशला ब्रेकच्या डिस्क दाखवल्या. कडांचे पोपडे सुटलेले, तोंडावर चर पडलेले. म्हापशाला नेऊन लेथवर घासून घेता येतात, बरेच जण तसंच करतात, पण ह्या आधीच झिजून झिजून शेवटच्या मापाला आल्यात, आणखी घासल्या तर तापून वाकतील, असं त्यानं सांगितलं. नव्या घालायच्या तर त्यातही दोन तऱ्हा. एक गाडीच्या कंपनीच्या पेटीतल्या. दुसऱ्या दिसायला तंतोतंत तशाच, स्वस्त, पण आतलं लोखंड कसलं आहे ते देव जाणे. रुद्रेशनं कंपनीच्याच घेतल्या. दोन्ही बाजूंच्या, त्यांना दाबून धरणाऱ्या पॅडांसकट. कृष्णनाथनं बजावलं की सुरुवातीला ब्रेक थोडा मऊ लागेल, पॅड आणि डिस्क एकमेकांना सरावेपर्यंत सांभाळून चालव. ह्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. नव्या डिस्कचं असंच असतं.

आणखी एक गोष्ट असते. नवी डिस्क पेटीत गंजू नये म्हणून कारखान्यातच तिला तेलाचा हात दिलेला असतो. ते पेट्रोलनं स्वच्छ पुसून मगच डिस्क चढवायची. कृष्णनाथनं ते पुसलं की नाही हे बघायला रुद्रेश जाग्यावर नव्हता. तो बाहेर रस्त्यावर फोनवर बोलत उभा होता. पुढं सगळं ह्याच्यावर येऊन अडलं.

जानेवारीत माझ्या सासूला, वत्सलाबाईंना, माहेरी रेडीला जायचं होतं. आमच्याकडून रेडीला जायचं तर फेरीनं तेरेखोलला उतरायचं, तिथून पुढं रस्ता. फेरीचा धक्का आमच्या घरापासून अगदी जवळ. रुद्रेश गाडी चालवत होता, आई मागे बसल्या होत्या, मांडीवर भावासाठी घेतलेली केळी. वाटेत ब्रेक फारसा धरत नाही हे रुद्रेशला जाणवलं होतं, पण गल्लीतून गाडी हळूच चालली होती, मागच्या चाकांचा ब्रेक थोडाफार धरत होता, आणि कृष्णनाथनं सांगितलेलं त्याच्या डोक्यात होतं. नव्या डिस्क आहेत, मऊ लागणारच.

ओहोटी होती. ओहोटीला धक्क्याचा खालचा उतार उघडा पडतो आणि तिथं शेवाळ असतं. फेरी लागत होती. रुद्रेशनं उतारावर ब्रेक दाबला तो नुसताच दाबला गेला. गाडी थांबली नाही. त्यानं हातब्रेक ओढला तशी मागची चाकं शेवाळावर घसरली आणि गाडी फेरीच्या बाजूनं तिरकी होऊन पाण्यात गेली. रुद्रेश खिडकीतून बाहेर आला. आईंना फेरीवरच्या माणसांनी आणि जाळी टाकणाऱ्या दोन पागींनी काढलं, पण फार उशिरा. मी धावत गेले तेव्हा त्यांना धक्क्यावर निजवलं होतं आणि कोणीतरी त्यांचा पदर नीट करत होतं.

माझं आणि आईंचं पटायचं नाही. त्या माझ्या आमटीला नाक मुरडायच्या, मी त्यांच्या सोवळ्याला. पण त्या गेल्यावर घरात माझ्याशी भांडणारं कोणी उरलं नाही, आणि ते मला अजूनही सहन होत नाही.

गाडी वर काढली. विम्याचा माणूस आला, पोलिसांबरोबर तपासणारा आला. पुढच्या दोन्ही डिस्कवर तेलकटपणा सापडला, पॅडही तेल प्यायलेले. विम्याच्या माणसानं शहाण्यासारखी मान हलवून सांगितलं की नव्या डिस्क तेलातच येतात, मेकॅनिकनं पुसल्या नसणार. तेल कसलं, हे कोणी विचारलं नाही. कोण विचारणार? रुद्रेशला तर तेवढंच हवं होतं. आपल्या हातून आई गेली ह्यापेक्षा दुसऱ्या कोणाच्या तरी हातून गेली म्हणणं सोपं. मी त्याला दोष देत नाही. कृष्णनाथवर निष्काळजीपणाचा गुन्हा लागला. "मी पुसल्यात, पेट्रोल घालून पुसल्यात," हेच तो सगळ्यांना सांगत राहिला, आणि तो जितकं सांगे तितकं लोकांना खोटं वाटे. त्याच्याकडे गाड्या न्यायचं लोकांनी बंद केलं. इतकी वर्षं आमच्यातलाच असलेला कृष्णनाथ एका महिन्यात आरोंद्याचा झाला.

तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत रुद्रेश बोटीवर गेला. घरात मी आणि आबा. आबा आधीच कमी बोलणारे. आता त्यांच्या तोंडी एकच विषय. पालयेवरून येताना गॅरेज लागलं की ते तोंड फिरवून थुंकायचे. आपली बायको त्यानं मारली, आणि वर तो दिवसाढवळ्या गॅरेज उघडून बसतो, म्हणायचे. बायकोच्या खाटेवर त्यांनी कोणाला बसू दिलं नाही. जेवायला वाढलं तर घास हातात धरून बसून राहायचे. मला त्यांची कीव यायची आणि कृष्णनाथचा संताप यायचा. होय, मीही त्याला शिव्या दिल्यात.

एप्रिलातली गोष्ट. सकाळी मी पंचायतीत जायला निघाले, तर आबा माझ्या स्कूटरपाशी उकिडवे बसलेले. शेजारी खोबरेलाची वाटी, हातात कोंबडीचं पीस. पुढच्या चाकाची डिस्क रात्रीच्या खाऱ्या हवेनं जराशी तांबूस झाली होती. तशी ती रोजच होते आणि पहिल्या ब्रेकलाच पुसली जाते. आबा तिच्यावर पिसानं तेल फिरवत होते, मन लावून, तान्ह्या मुलाला लावावं तसं. आबांनी उभा जन्म माडावर काढला. कमरेचा कोयता असो की विळीचं, आमच्या आडोळीचं, पातं, समुद्राच्या काठी लोखंड राखायचं तर खोबरेल लावायचं, हे त्यांना त्यांच्या बापानं शिकवलेलं. त्यांच्या घरात कधी काही गंजलं नाही.

मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"आबा, गाडयेक पण लायलेलास काय असां?"

"लायलंय तर," आबा म्हणाले. वर न बघताच. "दोनय चाकांक. नवी वस्तू आनी दोन दिसांत तांबडी जाली. रुद्रेश रेडयेक जाताना लोकांनी बघूक नको? तुमका पोरांका वस्तू राखूक कळत नाय."

ते वाटी घेऊन आत गेले. मी तिथंच खाली बसले. चाकाच्या आऱ्यांतून पीस घालून, आदल्या संध्याकाळी, मुलाच्या कौतुकानं लावलं असणार. आणि सकाळी आई त्याच गाडीत बसल्या. माझे बाबा म्हणायचे, गाडीत सगळीकडे तेल चालतं, एक ब्रेक सोडून. ते खाणीवरच्या माणसांना ठाऊक. माडावरच्या माणसाला कोण सांगणार होतं? मी सांगितलं असतं, पण मला विचारलं कोणी?

मी स्कूटर ढकलत ढकलत कृष्णनाथच्या गॅरेजात नेली. घरी साबणानं धुता आली असती. म्हापशालाही नेता आली असती. पण मी रागात होते, कोणावर ते मलाच कळत नव्हतं, आणि ज्याला तीन महिने शिव्या दिल्या त्याचं तोंड मला बघायचं होतं. गॅरेजात एकही गाडी नव्हती. कृष्णनाथ बाकावर बसला होता. मला बघून उभा राहिला, बस म्हणाला नाही. मी पॅड बदलायला सांगितले. त्यानं वाकून डिस्कवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, आणि तसाच थांबला. मग त्यानं कधी नव्हे ते माझ्याकडे सरळ बघितलं.

"खोबरेल कोणी लायलां?"

सांडलं असेल, म्हटलं मी. डिस्कवर खोबरेल कसं सांडतं हे त्यानं विचारलं नाही. त्यानं डिस्क पेट्रोलनं पुसली, फडकं बदलून पुन्हा पुसली, पॅड बदलले, आणि हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर, एकेक गोष्ट मला दिसेल अशी केली. पैसे घेतले नाहीत. आमच्या घरात खोबरेलाची वाटी घेऊन लोखंडामागे कोण फिरतं हे त्याला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक आहे.

संध्याकाळी रुद्रेशचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. पलीकडून इंजिनाचा आवाज येत होता. तो म्हणाला की हे आबांना सांगायचं नाही. मी म्हटलं, अरे, मग कृष्णनाथचं काय? त्याच्या बायकोनं काजूच्या कारखान्यात काम धरलंय, त्याला कोर्टाच्या फेऱ्या सुरू आहेत.

"आबांक सांगशीत तर ते जगूचे नाय," रुद्रेश म्हणाला. "आनी तुज्या सांगण्यान आई परत येतली काय?"

मला त्याचाही राग आला, कारण तो लांब होता आणि त्याचं म्हणणं खरं होतं. मी मूग गिळून बसले. आबांना वाढायची, त्यांची वाटी लपवून ठेवायची, स्कूटर शेजाऱ्यांकडे लावायची. कृष्णनाथचं गॅरेज लागलं की आता मी तोंड फिरवायची. थुंकायची नाही एवढाच फरक.

थोडे दिवस गेले आणि एका सकाळी कृष्णनाथच आमच्या दारात आला. अंगात इस्त्री केलेला सदरा. आबा दारापुढच्या बाल्कांवात, कट्ट्यावर बसले होते. ते उठले, मला वाटलं मारतातच. कृष्णनाथ पायरीखालीच थांबला. कोर्टात आपण म्हातारे होऊ तरी निकाल लागायचा नाही, म्हणाला. तुमचा माझ्यावर विश्वास नाही, माझा नाइलाज आहे. तर देवाला सांगूया. देवळात गाऱ्हाणं घालूया, तुम्ही तुमचं माणूस घेऊन या, मी माझा नारळ घेऊन येतो. ज्याचं असेल त्याचं तो बघेल.

आबा लगेच हो म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा मोकळा झालेला दिसला. कृष्णनाथ त्यांच्याशी बोलत होता, पण जाताना त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं. तो देवाकडे चालला नव्हता. तो माझ्याकडे आला होता. तोंड उघडायचं की नाही ते त्यानं माझ्यावर टाकलं होतं, आणि देवाला साक्षीला बसवलं होतं. मला त्याची चीड आली. पण त्याच्या जागी मी असते तर आणखी काय केलं असतं, हेही मला सुचलं नाही.

सोमवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. वाटेत मी दोनदा म्हटलं, आबा, राहू दे, परत जाऊया. ते ऐकून घेण्याच्या पलीकडे गेले होते. देवळात गुरव होता, कृष्णनाथ आणि त्याची बायको होती, आणि कुणकुण लागून आलेली चार माणसं. आमच्याकडे गाऱ्हाणं गुरव घालतो. तो एकेक वाक्य देवाला सांगतो आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्यामागून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सगळ्यांनी होकार दिला की ते सगळ्यांचं होतं.

आधी गुरवानं आबांना हळूच विचारलं की शब्द कसे घालू. तो शहाणा माणूस. म्हणाला, जाणूनबुजून केलं असेल त्याला शासन कर, न कळत झालं असेल तर चूकभूल पदरात घे, असं घालतो. नेहमी तसंच घालतात. आबा नाही म्हणाले.

"चुकून जालां असात तरी सोडू नको," ते म्हणाले. "माजी बायल चुकून मेली म्हणान परत येवची नाय."

मी खांबाला धरून उभी होते. गुरवानं कृष्णनाथकडे बघितलं. कृष्णनाथनं मान खाली घातली आणि नारळ पुढं ठेवला. गुरवानं हात जोडले.

"बा म्हाराजा, ही दोन घरां आज तुज्या पायाकडे उभी आसत."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

"एका घरची लक्ष्मी धक्क्यार पाण्यात गेली."

"व्हय म्हाराजा."

"ज्या हातान ता तेल ब्रेकार रवलां, जाणान रवलां वा चुकून रवलां, तो हात तू वळख म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." ह्या वेळी सगळ्यांत मोठा आवाज आबांचा होता.

"तो हात तू लुळो कर. त्या हाताक तोंडापर्यंत घास..."

"नाय," मी म्हटलं.

देवळात असं कोणी कधी म्हटलेलं नसेल. गुरव थांबला. आबांनी वळून माझ्याकडे बघितलं, आणि मी रडत नव्हते, मला रडायला यावं असं फार वाटत होतं, पण आलं नाही. मी त्यांच्याजवळ गेले. ब्रेकच्या डिस्कला तेल चालत नाही, हे मी त्यांना सांगितलं. कोयत्याला चालतं, आडोळीला चालतं, डिस्कला नाही. तेल लागलं की पॅड घसरतो, ब्रेक धरत नाही. तुम्ही त्या दोन्ही चाकांना खोबरेल लावलं होतं, आबा. कृष्णनाथनं पुसली होती. तुम्ही परत लावलं. मी हे हळू बोलले, पण देवळात सगळ्यांना ऐकू गेलं.

आबा कृष्णनाथकडे बघून, जणू त्यालाच समजावत असल्यासारखे म्हणाले, "गंज धरी होतो रे."

कृष्णनाथ म्हणाला, होय आबा, धरतो. जे मिळवायला तो आला होता ते त्याला मिळालं होतं, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. गुरवानं पुढं होऊन आबांचा दंड धरला आणि म्हणाला, झालं, उलगडा झाला, देवानं केला. आता चूकभूल पदरात घे म्हणून नारळ फोडतो आणि सगळ्यांनी घरी जाऊया. मीही तेच म्हटलं. आबा, चला घरी.

आबांनी गुरवाचा हात बाजूला केला. आपले दोन्ही हात समोर धरून बघितले. माडावर चढून चढून तळहातांना पडलेले ते घट्टे, बोटांच्या पेरांत मुरलेलं तेल. मग ते देवाकडे तोंड करून नीट उभे राहिले.

"अर्धां ठेव नको," ते गुरवाला म्हणाले. "माज्या तोंडासून आयलेले शब्द आसत. तसेच घाल."

गुरव नको नको म्हणत राहिला. आबा हलले नाहीत. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि ते वाक्य घाईघाईनं, पुटपुटत, कसंतरी पुरं केलं. मागून कोणी होकार दिला नाही. कृष्णनाथ नाही, त्याची बायको नाही, मी नाही.

आबांनी एकट्यांनीच म्हटलं, "व्हय म्हाराजा."